भरलेलं घर

१

सकाळी साडेआठला मी कार्डांच्या खोलीत शिरते तेव्हा माझा चष्मा धुरकटतो. ती खोली बारा महिने उबदार आणि दमट ठेवावी लागते. मी दारातच उभी राहून पदराने काचा पुसते आणि डॉक्टर म्हणतात, "काय ताई, डोळे आले का?" रोज तोच विनोद आणि रोज मी हसते. डॉक्टर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. ते किड्यांचे डॉक्टर आहेत, डोकं दुखलं तर गोळी मलाच मागतात.

आमचं काम सांगायला सोपं आहे. एका खोलीत दळलेल्या धान्यात पतंग वाढवायचे. त्यांची अंडी गोळा करायची, चाळायची आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदावर डिंकाने चिकटवायची. खसखस पसरल्यासारखी दिसतात. मग ते कार्ड अर्धा तास जांभळ्या दिव्याखाली ठेवायचं. त्याने आतला पतंग मरतो, पण अंडं ताजं राहतं. मग कार्ड पिशवीत घालायचं आणि त्यात माश्या सोडायच्या. आम्ही माश्या म्हणतो, पण ही गांधीलमाशीची एक जात आहे. अंगाने एवढीशी, छापील पूर्णविरामासारखी. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. तिचं पिल्लू आतलं सगळं खातं आणि तिथेच वाढतं. चौथ्या दिवशी कार्ड काळं पडतं. मग आम्ही ते शेतावर पाठवतो. शेतकरी पानामागे टाचतो, माश्या बाहेर पडतात आणि पिकावरच्या किडीची अंडी शोधत सुटतात. पाकिटावर 'मित्रकीटक' असं छापलेलं असतं.

चौथ्या दिवसाची मला सुरुवातीला गंमत वाटायची. अंडं फुटत नाही, आकार बदलत नाही, जागचं हलत नाही. बाहेरून सगळं होतं तसं, फक्त आतून काळं.

भिंगाखाली मादी बघण्यासारखी असते. आधी अंड्यावर चढते. मिशांनी टक टक वाजवत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. अंडं केवढं आहे, आत किती मावेल याचं माप घेते. मग एका जागी थांबते, शेपटाकडची सुई टेकवते आणि गप्प उभी राहते. काम झालं की अंड्यावर खूण करून जाते. मागून दुसरी आली तर ती दोनदा टक टक करते आणि वळते. "भरलेलं आहे," आम्ही म्हणतो.

२

प्रयोगशाळेच्या मागे कामगारांसाठी चार घरं आहेत, एका ओळीत, पांढरी रंगवलेली. प्रत्येकाला पुढे एक दार आणि एक खिडकी, मागे न्हाणीघर. ओळीभोवती कुंपण आणि एकच फाटक. पहिल्या घरात ड्रायव्हर आणि त्याची बायको, दुसऱ्यात एकटा स्टोअरकीपर, तिसऱ्यात चौकीदार, चौथ्यात मी आणि सासूबाई.

माझे यजमान गेले त्याला सहा वर्षं झाली. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं त्याला दोन. तेव्हापासून त्यांची कॉट खिडकीशी आहे आणि त्या दिवसभर ओळीवर लक्ष ठेवतात. संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत बातम्या सुरू होतात.

"आज कोण आलं होतं गं?"

"मी कामावर होते, आई. मला काय माहीत?"

"दुपारी. तुम्ही सगळे गेल्यावर. पहिल्या घराची भिंत वाजवत होतं कुणीतरी."

"रंगारी असेल."

"रंगारी वाजवत नाही, पोपडे काढतो. हे हळू होतं. इथे दोन, तिथे दोन. शिंपी कसा खांद्यापासून मनगटापर्यंत टेप सरकवतो, तसं. माप घेत होतं."

"पाण्याचा नळ असेल मग. पाणी आलं की वाजतो."

"नळ छतावर चढतो का?" त्या म्हणाल्या. "मी पायाने अधू आहे, कानाने नाही."

मी चहा ठेवला. दिवसभर पडून माणसाला काहीबाही ऐकू येतं, हे मला ठाऊक होतं. आणि माप घेण्याची गोष्ट मीच त्यांना घरी येऊन सांगत असे. माझीच गोष्ट फिरून माझ्याकडे आली, असं म्हटलं आणि सोडून दिलं.

३

चार दिवसांनी ड्रायव्हरच्या घराची खिडकी काळी झालेली दिसली.

पडदा नव्हता. पडद्याला चुण्या असतात. ही काच पाटीसारखी काळी होती, कडेपासून कडेपर्यंत. ड्रायव्हरची बायको दारात उभी होती. ही बाई बोलायला लागली की माझ्या हातातली भाजीची पिशवी जड व्हायची, एवढी बोलकी.

"काच काळी केलीत? ऊन लागतं का?" मी विचारलं.

"काळी?" ती म्हणाली. वळून बघितलंही नाही. "असेल."

"बरं नाही का?"

"बरं आहे."

तिच्या मागे दार उघडं होतं. एरवी त्या घरातून रेडिओ, कुकर, नवऱ्याला घातलेल्या हाका, सगळं एकदम ऐकू यायचं. आता आतून काहीच येत नव्हतं. रिकाम्या खोलीत निदान आपला आवाज घुमतो. तिथे माझा आवाज आत गेला आणि परत आला नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी ड्रायव्हर स्वतःच्याच बंद दारासमोर उभा दिसला. दाराकडे तोंड, हात अंगाला टेकलेले. नुकतीच आंघोळ केल्यासारखा ओलसर, आणि वर्ण फिकट.

"बाईसाहेब तयार होतायत वाटतं," मी म्हटलं.

"होतील," तो म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा तो तसाच उभा होता. चप्पल नव्हती, आणि त्या उन्हात फरशी भाजत होती. संध्याकाळी दोघंही नव्हती. दार बंद होतं, आणि काळ्या काचेत एक गोल भोक होतं, परातीएवढं, कडा स्वच्छ. दगड लागला म्हणावं तर खाली काचेचा एक तुकडा नव्हता.

"ती कशी बाहेर आली बघितलंत का?" मी सासूबाईंना विचारलं. आता विचारणारी मी होते.

"मी डोळे मिटले होते," त्या म्हणाल्या.

आणि त्याच दुपारी, त्या म्हणाल्या, स्टोअरकीपरच्या छतावर वाजत होतं.

४

माझ्यापुरतं मी स्वतःला खूप समजावलं. मी दिवसाचे आठ तास भिंगाला डोळा लावून असते. शिवणकाम करणाऱ्या बाईला जगात सगळीकडे टाके दिसतात, त्यातलाच प्रकार. काच काय, कशानेही काळी होते. नवरा-बायको भांडतात, नवरा बाहेर उभा राहतो, हेही काही नवीन नाही.

पण स्टोअरकीपरची काच काळी झाली तेव्हा मी बोटांवर दिवस मोजले आणि मोजून झाल्यावर बोटं पदराखाली घेतली.

"डॉक्टर," मी कामावर विचारलं, "बाहेर आधी नर येतात ना?"

"एक दिवस आधी. आणि जात नाहीत कुठे. काळ्या अंड्यावर उभे राहतात, मादी आत आहे तोवर. ती बाहेर पडली की तिथेच लग्न. आपल्यासारखं हॉल बुक करावं लागत नाही."

"आत मादी आहे हे त्यांना कसं कळतं?"

"वासाने असेल. पण चुकत नाहीत. आपण रंग बघतो, ते रंगावर जात नाहीत." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "ताई, झोप होत नाही का?"

मी दुसरीकडे खोली मिळेल का विचारलं. ते म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू, आत्ता ऑर्डर केवढी आहे माहीत आहे ना. सुट्टीचंही तेच. त्यांच्या आवाजात वाईट काही नव्हतं. आणि सुट्टी मिळाली असती तरी मी जाणार कशी? सासूबाई अंगाने भारी. कुशीवर वळवायला मला हुश्श होतं, कॉटवरून खाली घ्यायला दोन माणसं लागतात. ती दोन माणसं म्हणजे ड्रायव्हर आणि स्टोअरकीपर.

मी नणंदेला फोन केला.

"वहिनी, आईने तुझ्या डोक्यात काय भरवलंय?" ती म्हणाली. "ती लहानपणी आम्हालाही असंच घाबरवायची."

"तू फक्त ये आणि त्यांना थोडे दिवस घेऊन जा. मी पाया पडते."

मी कधी असं बोलत नाही.

"या रविवारी नाही जमत. पुढच्या रविवारी येतो आम्ही गाडी घेऊन. तोवर तरी भांडू नका दोघी."

५

शनिवारी अर्धा दिवस काम असतं. त्या दिवशी सकाळी मी चौकीदाराची खिडकीही काळी झालेली बघितली आणि मग कामाकडे लक्षच लागेना. तीन घरं झाली होती. राहिलं होतं एकच.

जांभळ्या दिव्याच्या पेटीला गुंडाळायला आमच्याकडे जाड काळा कागद असतो. मी त्याची सुरळी आणि डिंकाची बरणी पिशवीत घातली. एवढ्या वर्षांत मी तिथली टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती. भरलेल्या अंड्यावर दुसरी थांबत नाही. वाजवते, कळतं, वळते. मग आपलं घर भरलेलं दिसलं तर? माझ्या हाताला जे काम येत होतं त्यातूनच मला हे सुचलं, आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं, हे खोटं कशाला बोलू?

खिडकीला आतून कागद लावायला लागले तशा सासूबाई म्हणाल्या, "हे काय?"

"चार दिवस. मग काढते."

"जिवंतपणीच पुरतेस का मला? निदान नळीएवढं भोक तरी ठेव, हवेला."

"आई, माझं ऐका एवढं."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. एरवी त्यांनी कागद ओरबाडून काढला असता, हात चांगले होते त्यांचे. पण त्या म्हणाल्या, "लाव. तुला बरं वाटत असेल तर लाव."

मी कडेपासून कडेपर्यंत लावला. दाराच्या फटीतही पट्ट्या घातल्या. भरदुपारी दिवा लावून आम्ही जेवलो.

रविवारी मी घरी होते. दुपारी दोनच्या सुमारास ते आलं.

आधी काही कळलं नाही. मग डोक्यावर, छताच्या कोपऱ्यात, टक टक. बोटाच्या नखाने कपाट वाजवावं इतकं हलकं, पण दोन्ही आवाजांमध्ये चांगलं हातभर अंतर होतं. मी सासूबाईंचा हात धरला. आम्ही दोघी छताकडे बघत होतो. पुन्हा एकदा टक टक. मग काही नाही. मग छतावरून वजन उतरल्यासारखा एक पत्रा कुरकुरला, आणि संपलं.

मी हमसून रडले. सासूबाई माझ्या हातावर थोपटत होत्या. "गेलं ना," त्या म्हणत होत्या, "गेलं ना ते."

६

तो आठवडा चांगला गेला, असंच मी तेव्हा म्हणत होते. वाजणं बंद झालं. मी कामावर जात होते, काळी कार्डं कापत होते, अंधाऱ्या घरी परत येत होते. सासूबाईंचं दुखणं थांबलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी रात्री कण्हणं बंद केलं. जेवण अर्ध्यावर आलं, मग दोन घासांवर. बातम्या थांबल्या. खिडकी बंद, मग बातम्या कुठून येणार, असं मी गृहीत धरलं.

"खुबा दुखतो का?" मी विचारायची.

"कुठला?" त्या म्हणायच्या, आणि थोडं थांबून, "हो, तो. नाही."

शनिवारी सकाळी कामाला निघाले. दार उघडलं आणि पुढे पाऊल टाकता येईना, कारण समोर तिघं उभे होते.

ड्रायव्हर, स्टोअरकीपर आणि चौकीदार. दारापासून दोन हातांवर, शेजारी शेजारी. तिघंही ओलसर, फिकट, अनवाणी. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मी बाजूला सरकले तरी त्यांचे डोळे दारावरच होते.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"काही नाही," चौकीदार म्हणाला. अगदी अदबीने म्हणाला. "थांबलोय."

मी दार लावून घेतलं आणि कडी घातली. पाठ दाराला टेकून उभी राहिले. डॉक्टरांचे शब्द मला आठवायचे नव्हते, तरी आठवले. ते रंगावर जात नाहीत.

७

मी दिवसभर आत राहिले. रविवारी उजाडलं तेव्हाही ते तिथेच होते, दाराखालची पट्टी सरकवली तर फटीतून त्यांच्या पायांची बोटं दिसत होती.

"आई," मी म्हटलं, "मी कागद लावला त्या दिवशी, मी यायच्या आधी, दुपारी काही झालं होतं का?"

त्यांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"सकाळीच आलं होतं," त्या म्हणाल्या. "तू गेलीस की लगेच. खूप वेळ होतं. छतावरून, भिंतीवरून, मग इथे, खिडकीशी. मग वाजवणं थांबलं आणि उभं राहिलं."

"सांगितलं का नाहीत?"

"तू कागद घेऊन आली होतीस. एवढ्या आशेने आली होतीस गं."

मी खिडकीशी गेले. डिंक चांगला धरला होता, आमचा डिंक सुटत नाही. नखांनी एक कोपरा उचलला, मग पट्टी ओढली, मग दोन्ही हातांनी सगळा कागद फाडून खाली टाकला. बाहेर सकाळचे दहा वाजले होते. खोलीत उजेड आला नाही.

मी काचेवरून हात फिरवला. गुळगुळीत होती. आतून पुसली, ओल्या फडक्याने घासली. काळं आतल्या बाजूला नव्हतं आणि बाहेरच्याही नव्हतं. घर कधी काळं पडलं ते मला दिसू नये, याची सोय मी माझ्या हाताने केली होती.

तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. नणंद आली होती.

मला एवढंच सुचलं की त्यांना इथून न्यायचं. भारी असोत, फरफटत का होईना. मी कॉटकडे पाठ करून बसले, त्यांचे हात गळ्यात घेतले आणि सगळं बळ लावून उठले, आणि झोक जाऊन पुढे पडता पडता वाचले. कारण वजनच नव्हतं. वाळत घातलेली चादर खांद्यावर घ्यावी तशा त्या आल्या.

"चल," त्या कानाशी म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता.

८

मी दार उघडलं. तिघं बाजूला झाले, वाट दिली. त्यांच्या माना मात्र वळत गेल्या, माझ्या पाठीबरोबर.

फाटकापर्यंत पन्नास पावलं असतील. फाटकावर चौकीदार नसल्यामुळे आतून अडसर होता. पलीकडे गाडी, गाडीत नणंदेचा नवरा, मागच्या खिडकीतून दोन्ही पोरं अर्धी बाहेर लोंबत आजीला हाका मारत होती. नणंद खाली उतरली.

"अगं वहिनी, एकटीने उचललंस? बाई बाई, व्यायामशाळा लावलीस का काय?" ती हसत होती. "उघड ना. आण इकडे, मागच्या सीटवर पोरांच्या मध्ये बसवू."

मी अडसराला हात लावला. त्याच वेळी माझ्या पाठीवर, सासूबाईंची छाती जिथे टेकली होती तिथे, काहीतरी सावकाश वळलं. श्वासाने छाती हलते तसं नव्हतं ते. अंधारात कुशी बदलून कुणीतरी ऐसपैस होतंय, तसं. त्याला जागा भरपूर होती.

मी अडसरावरचा हात काढला.

"वहिनी?"

"आईंना ताप आहे," मी म्हटलं. "लागण होणारा. पोरांना जवळ आणू नकोस."

"मग दवाखान्यात न्यायला नको? आई, अगं आई, बोल ना."

सासूबाईंनी तोंड माझ्या मानेत लपवलं होतं.

"तुझा आणि आईचा काय खेळ चाललाय?" नणंदेचा आवाज चढला. मग तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तो उतरला. "बरं. मी कुणाला तरी घेऊन येते. डॉक्टर नाहीतर कुणीतरी. हलू नका इथून."

"पोरांना घरी सोड आधी," मी म्हटलं. "मगच ये."

गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत मी उभी राहिले. मग पन्नास पावलं मागे आले. तिघांनी पुन्हा वाट दिली, यावेळी थोडी कमी. मी सासूबाईंना कॉटवर निजवलं, उशी सारखी केली, पांघरूण गळ्यापर्यंत घेतलं. पांघरुणाखाली काय हलतंय तिकडे बघितलं नाही.

"गेली का?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"पोरं होती गाडीत?"

"दोन्ही."

"चांगलं केलंस." त्यांनी माझा हात शोधला, दाबला आणि मग सोडून दिला. "आता तूही जा. अजून जाता येईल."

दार उघडंच होतं. उन्हाचा एक पट्टा उंबऱ्यापर्यंत आला होता आणि त्यात सहा अनवाणी पावलं होती, मघापेक्षा जवळ. मी त्यांच्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. मी कडी लावली आणि त्यांच्या उशाशी जाऊन बसले.